टॉर्क आणि हॉर्सपॉवर : गाडीची ताकद मोजावी कशी?

मोटारीच्या धंद्याशी आपल्या लोकांचे नाते जुने आहे. गॅरेज, लेथ, वेल्डिंग, रेडिएटर, डेंटिंग-पेंटिंग, टायर, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, मालवाहतूक अशा अनेक कामांत आपले कारागीर व व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे उस्ताद प्रत्येक वस्तीत सापडतात. हाताचे ज्ञान भरपूर आहे. परंतु कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले दोन आकडे समोर आले की गडबड होते. एक आकडा हॉर्सपॉवरचा म्हणजे अश्वशक्तीचा आणि दुसरा टॉर्कचा. बहुतेक लोक पहिला पाहतात व दुसरा सोडून देतात. काही जण ‘टॉर्क ओढतो आणि हॉर्सपॉवर पळवते’ असे सांगून मोकळे होतात. हे विधान अर्धेच खरे आहे, आणि अर्ध्या माहितीवर घेतलेली गाडी पुढे खिशाला जड जाते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

एक गाडी, तीन कामे

नागपुरातील रामदासपेठ हा दवाखान्यांचा व कार्यालयांचा भाग आहे. येथे फिरणाऱ्या मोटारीला दिवसभर एकच काम, सिग्नलला थांबणे आणि पुन्हा निघणे. तीच मोटार वर्धा रोडने शहराबाहेर काढली की ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने पळावे लागते. सावनेर-सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे निघाली तर सिलेवानीचा घाट चढावा लागतो. कळमना बाजारातून माल भरून निघालेल्या पिकअपला तर हेच सारे टन-दीड टन ओझ्यासह करायचे असते.

इंजिन एकच, पण थांबलेली गाडी हलवणे, सपाट रस्त्यावर वेग टिकवणे आणि चढ चढणे ही तीन निराळी कामे आहेत. कोणते इंजिन कोणत्या कामात तरेल, हे त्या दोन आकड्यांत लिहिलेले असते. ते वाचता आले पाहिजेत.

टॉर्क म्हणजे पिळाचा जोर

टॉर्क समजण्यासाठी पुस्तकाची गरज नाही, पाना पुरे आहे. चाकाचा नट घट्ट बसला की कारागीर काय करतो? पान्याच्या दांडीत पाइप घालतो. हाताचा जोर तेवढाच असतो, पण दांडी लांब झाल्याने नटावरचा पीळ वाढतो व नट सुटतो. जोर गुणिले दांडीची लांबी, यालाच टॉर्क म्हणतात.

एक फूट म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर लांबीच्या दांडीवर ३० किलोचा जोर लावला, तर ९ किलोग्रॅम-मीटर टॉर्क मिळतो. आजकाल माहितीपत्रकात न्यूटन-मीटर लिहितात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. म्हणजे आपला वरचा जोर झाला ८८ न्यूटन-मीटर. लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळतात, तेव्हा हा रोजच्याच कामाचा आकडा आहे.

इंजिनातही हाच प्रकार चालतो. सिलिंडरमध्ये इंधन पेटले की पिस्टन खाली ढकलला जातो. हा झाला हाताचा जोर. कनेक्टिंग रॉड तो जोर क्रँकच्या पिनवर टाकते. क्रँकच्या मध्यापासून पिनपर्यंतचे अंतर म्हणजे पान्याची दांडी. जुन्या मारुती ८०० मध्ये पिस्टनची चाल ७२ मिलिमीटर होती, म्हणजे ही दांडी तिच्या निम्मी, ३६ मिलिमीटर.

आता एक नवलाची गोष्ट पाहा. मारुती ८०० च्या ३७ अश्वशक्तीच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ५९ न्यूटन-मीटर होता, तोही मिनिटाला २५०० फेऱ्यांवर. म्हणजे चाकाचा नट आवळणारा आपला कारागीर हाताने त्या इंजिनापेक्षा जास्त टॉर्क देतो! मग तो मोटार का ओढू शकत नाही? कारण त्याला तो पीळ मिनिटाला २५०० वेळा फिरवता येत नाही. येथेच दुसऱ्या आकड्याचे काम सुरू होते.

अश्वशक्ती म्हणजे कामाचा वेग

नट गंजून जाम झाला असेल तर तासभर पाना दाबूनही तो हलत नाही. घाम निघतो, टॉर्कही लागलेला असतो, पण काम शून्य. पीळ लागला आणि फिरलाही, तरच काम झाले. ते काम किती वेळात झाले यावरून ताकद ठरते. तिलाच पॉवर म्हणतात.

अठराव्या शतकात जेम्स वॉटने आपली वाफेची यंत्रे विकताना हे माप रूढ केले. त्याच्या गिऱ्हाइकांकडे घोडे होते. यंत्र किती घोड्यांचे काम करील, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे भाग होते. मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे त्याने ठरवले. मेट्रिक पद्धतीत हिशेब सोपा आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. कागदावर कधी बी.एच.पी. लिहितात, कधी पी.एस. दोहोंतील फरक शेकडा दीडच्या आत असतो. किलोवॉट लिहिले असेल तर १.३६ ने गुणावे, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती मिळते.

चांगला धडधाकट माणूस दिवसभर काम करताना सरासरी एक दशांश अश्वशक्तीच्या आसपास राहतो. म्हणून टॉर्कमध्ये मारुतीला हरवणारा माणूस ताकदीत तिच्यापुढे कोठेच नाही.

दोघांना जोडणारे सूत्र

टॉर्क आणि अश्वशक्ती या दोन वेगळ्या शक्ती नाहीत. एकाच खातेवहीतील त्या दोन रकमा आहेत. त्यांचा हिशेब असा :

अश्वशक्ती = टॉर्क (न्यूटन-मीटर) × मिनिटाचे फेरे ÷ ७०२४

टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिला असेल तर ७०२४ ऐवजी ७१६ ने भागावे. साधे गणकयंत्र असले की झाले.

मारुती ८०० ला हे सूत्र लावून पाहू. २५०० फेऱ्यांवर ५९ न्यूटन-मीटर. ५९ गुणिले २५०० भागिले ७०२४, उत्तर आले २१ अश्वशक्ती. याच इंजिनाची कमाल ३७ अश्वशक्ती ५००० फेऱ्यांवर मिळत असे. उलटा हिशेब केला तर त्या वेळी टॉर्क निघतो ५२ न्यूटन-मीटर. म्हणजे टॉर्क ५९ वरून ५२ वर उतरला, पण फेरे दुप्पट झाले, म्हणून अश्वशक्ती वाढली.

दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर टॉर्क हा एका नगामागचा नफा आहे, फेरे ही दिवसाची विक्री आहे आणि अश्वशक्ती ही संध्याकाळची गल्ल्यातील कमाई आहे. नगामागे नफा थोडा कमी झाला तरी विक्री दुप्पट झाली की कमाई वाढते. पण नफा फारच घसरला तर विक्री वाढूनही कमाई उतरते. इंजिनाचेही तसेच आहे. फेरे फार वाढले की सिलिंडरला हवा भरून घ्यायला वेळ पुरत नाही, आतील घर्षण वाढते आणि टॉर्क झपाट्याने पडतो. एका टोकानंतर अश्वशक्तीही उतरू लागते. ते टोक म्हणजेच माहितीपत्रकातील कमाल अश्वशक्तीचे फेरे.

पेट्रोल आणि डिझेल

एकाच मोटारीत दोन इंजिने असली की फरक स्वच्छ दिसतो. मारुती स्विफ्ट २०२० पर्यंत पेट्रोल व डिझेल अशा दोन्ही प्रकारांत मिळत होती. जुन्या बाजारात दोन्ही आजही आहेत. त्या काळातील १.२ लिटर पेट्रोल इंजिन ६००० फेऱ्यांवर ८३ अश्वशक्ती देत असे, आणि त्याचा कमाल टॉर्क ४२०० फेऱ्यांवर ११३ न्यूटन-मीटर होता. १.३ लिटर डिझेल इंजिन ४००० फेऱ्यांवर ७५ अश्वशक्ती देत असे, आणि टॉर्क २००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर.

केवळ अश्वशक्ती पाहणारा म्हणेल, पेट्रोल सरस. पण शहरात कोणीही ६००० फेऱ्यांवर गाडी चालवत नाही. दोघांची २००० फेऱ्यांवर तुलना करू. डिझेल : १९० गुणिले २००० भागिले ७०२४, म्हणजे ५४ अश्वशक्ती. पेट्रोलचा टॉर्क कमालीइतका, म्हणजे ११३ धरला तरी उत्तर येते ३२. माहितीपत्रकात आठ अश्वशक्तीने मागे असलेले डिझेल रोजच्या फेऱ्यांवर बावीस अश्वशक्तीने पुढे निघाले. लोक ज्याला ‘डिझेलचा दम’ म्हणतात तो हाच.

याचे मुख्य कारण टर्बो. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, म्हणून कमी फेऱ्यांवरही जास्त इंधन जाळता येते. मात्र टर्बो चालू होण्यापूर्वी, हजार-बाराशे फेऱ्यांवर, हेच डिझेल सुस्त असते. म्हणून टॉर्कच्या आकड्याशेजारी छापलेले फेरे पाहिल्याशिवाय तो आकडा वाचू नये.

गिअरबॉक्स काय करतो?

कारागिराला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट आता येते. गिअर टॉर्क वाढवू शकतो, अश्वशक्ती वाढवू शकत नाही.

समजा, पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून फेरे चौदा पटीने कमी करतात. इंजिनाचे ५९ न्यूटन-मीटर चाकावर चौदा पट, म्हणजे ८२६ होतात. पण २५०० फेऱ्यांचे चाकावर १७८ फेरे राहतात. आता ८२६ गुणिले १७८ भागिले ७०२४ करून पाहा. उत्तर पुन्हा २१. जेवढे आत गेले तेवढेच बाहेर आले, उलट घर्षणात थोडे कमीच. गिअर हा पान्याला लावलेला पाइप आहे. जोर वाढवतो, पण त्याची किंमत वेगात वसूल करतो.

मग कोणी विचारील, गिअर लावून टॉर्क हवा तेवढा वाढवता येत असेल, तर इंजिनाच्या टॉर्कला महत्त्व काय? नागपूरजवळ हिंगण्याला महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना आहे, म्हणून ट्रॅक्टरचेच उदाहरण घेऊ. ४५ अश्वशक्तीचे, १९०० फेऱ्यांचे ट्रॅक्टर इंजिन त्या फेऱ्यांवर १६६ न्यूटन-मीटर टॉर्क देते. मारुती ८०० चे इंजिन ३७ अश्वशक्तीचे, पण कमाल ताकदीच्या वेळी टॉर्क ५२. अश्वशक्तीत फरक थोडा आणि टॉर्कमध्ये तिपटीहून अधिक. योग्य गिअर लावले तर मारुतीचे इंजिनही नांगर ओढील, पण त्यासाठी त्याला दिवसभर ५००० फेऱ्यांवर फिरावे लागेल. ते तापेल, झिजेल आणि हंगाम संपण्यापूर्वी उघडावे लागेल. ट्रॅक्टरचे इंजिन तेच काम १९०० फेऱ्यांत संथपणे करते आणि वर्षानुवर्षे टिकते.

तात्पर्य असे की, काम किती होईल हे अश्वशक्ती सांगते. ते काम इंजिन किती आरामात करील हे टॉर्क आणि त्याचे फेरे सांगतात.

घाटातील हिशेब

आता चढाचा हिशेब करू. माणसे व सामानासह सव्वादोन टनांची गाडी धरू. चढ पंधरात एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. २२५० भागिले १५, म्हणजे गाडीला १५० किलोचा जोर मागे खेचतो. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. १५० गुणिले १२.५ भागिले ७५, झाली २५ अश्वशक्ती. टायरचे घर्षण, वारा आणि गिअरमधील घट धरली की गरज पस्तीसच्या घरात जाते.

बी.एस.-६ बोलेरोच्या १४९३ सी.सी. डिझेल इंजिनाचा टॉर्क १६०० ते २२०० फेऱ्यांच्या दरम्यान २१० न्यूटन-मीटर आहे. चालकाने वरचा गिअर धरून ठेवला आणि फेरे १२०० वर आले, तर पूर्ण २१० धरूनही ताकद ३६ अश्वशक्तीच होते. प्रत्यक्षात १६०० च्या खाली पूर्ण २१० मिळतच नाहीत. गरज पस्तीसची आणि मिळकत त्याहून कमी. मग वेग पडतो, त्यामुळे फेरे आणखी पडतात, त्यामुळे ताकद आणखी पडते. गाडी थरथरू लागते व शेवटी बंद पडते. तेच वेळेवर खालचा गिअर टाकून फेरे २२०० वर आणले, तर तेच इंजिन ६६ अश्वशक्ती देते.

‘वरच्या गिअरमध्ये तेल वाचते’ ही समजूत सपाट रस्त्यापुरती ठीक आहे. चढावर ओझ्यासह इंजिन घुसमटवले तर बेअरिंग, क्लच प्लेट आणि इंजिन माउंटिंग यांचे आयुष्य घटते. हाफ क्लचवर गाडी ओढणे तर त्याहून वाईट. आपल्या चालकाला हे एकदा नीट समजावून सांगणे क्लच प्लेट बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

‘उस्ताद, गाडीत दम राहिला नाही’

अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न विचारावा, ‘भाई, दम कोठे कमी पडतो? उठताना, चढावर, की वरच्या वेगात?’ उत्तरावरून निम्मे निदान होते.

फेरे वाढतात पण गाडी वेग घेत नाही, तर इंजिनात ताकद आहे, ती क्लचमध्ये निसटते आहे. कमी फेऱ्यांवर ठीक आणि वरती दम नाही, तर हवा किंवा इंधन अडले आहे. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि सायलेन्सर पाहावा. टर्बोच्या गाडीत मधल्या फेऱ्यांची खेच गेली असेल, तर प्रथम टर्बोचा पाइप कोठे फाटला आहे का ते पाहावे. सगळीकडेच दम कमी असेल, तर कॉम्प्रेशन तपासावे. आणि इंजिन उघडण्यापूर्वी चाक हाताने फिरवून ब्रेक जाम नाही ना, हे जरूर पाहावे. हजारो रुपयांच्या कामाआधी दहा मिनिटांची ही तपासणी गिऱ्हाइकाचा विश्वास कमावून देते.

टायरवाल्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या घेराचे टायर लावले की गाडी उंच व रुबाबदार दिसते, पण चाकाचा टॉर्क तोच राहून त्याची त्रिज्या वाढते, म्हणून रस्त्यावर पडणारा जोर कमी होतो. घेर दहा टक्के वाढला तर खेच सुमारे नऊ टक्के घटते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे.

सी.एन.जी. आणि बॅटरीची गाडी

सी.एन.जी. लावल्यावर ताकद का कमी होते? वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, म्हणून जळणाला हवा कमी मिळते. १ लिटर वॅगन-आरमध्ये पेट्रोलवर ६७ अश्वशक्ती व ८९ न्यूटन-मीटर, तर सी.एन.जी.वर ५७ अश्वशक्ती व ८२ न्यूटन-मीटर असे कंपनीचेच आकडे आहेत. टॉर्क आठ टक्के घटला, कमाल ताकद पंधरा टक्के. शहरातील भाड्याच्या फेऱ्यांना हे चालते. घाटात भरलेल्या गाडीला मात्र जाणवते.

बॅटरीच्या गाडीचा प्रकार उलट आहे. मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्र यांनी नागपुरात विजेच्या टॅक्सी सुरू केल्या, तेव्हा त्यांत महिंद्रच्या ई-टू-ओ प्लस मोटारी होत्या. आता ही मोटार नवी मिळत नाही, पण तिचे आकडे बोधप्रद आहेत. तिच्या छोट्या मोटरची ताकद १९ किलोवॉट, म्हणजे सुमारे २६ अश्वशक्ती, मारुती ८०० पेक्षाही कमी. टॉर्क मात्र ७० न्यूटन-मीटर, म्हणजे जास्त. शिवाय विजेच्या मोटरला टॉर्क येण्यासाठी फेरे वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. जागेवरून उठतानाच तो मिळतो. म्हणून रामदासपेठेसारख्या सिग्नलच्या भागात अशी गाडी चटकन उठते, पण खुल्या रस्त्यावर वेग वाढला की कमी अश्वशक्ती उघडी पडते.

गाडी घेताना काय पाहावे?

१. दोन्ही आकडे त्यांच्या फेऱ्यांसह लिहून घ्यावेत. फेऱ्यांशिवाय आकडा अपुरा.

२. टॉर्क गुणिले फेरे भागिले ७०२४ करून, आपण रोज वापरतो त्या फेऱ्यांवर, म्हणजे १५०० ते २५०० च्या दरम्यान, ताकद किती मिळते ते काढावे.

३. टॉर्क एकाच बिंदूवर आहे की १६०० ते २२०० असा पसरलेला आहे, हे पाहावे. पसरलेला असेल तर गिअर कमी बदलावे लागतात व चालक कमी थकतो.

४. ताकदीला भरलेल्या गाडीच्या वजनाने भागून तुलना करावी. रिकाम्या गाडीची चाचणी व्यापाऱ्याच्या कामाची नाही.

५. छापलेले आकडे इंजिनावर मोजलेले असतात. चाकापर्यंत येताना त्यात घट होते, आणि जुन्या गाडीत ती अधिक असते. म्हणून जुनी गाडी चढावर, माणसे बसवून चालवून पाहावी.

ज्याची गाडी शहरातच फिरणार, त्याने मोठ्या अश्वशक्तीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. ज्याला घाटातून माल न्यायचा आहे, त्याने कमी फेऱ्यांवरचा टॉर्क आणि भरल्या वजनाला पुरेल एवढी अश्वशक्ती, दोन्ही तपासावेत. आणि जो गाड्या विकतो किंवा दुरुस्त करतो, त्याने हा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडून दाखवावा. आकडा समजावून दिलेले गिऱ्हाईक पुढची गाडीही त्याच दुकानात घेऊन येते.